काचेवरचा ठळक आठ

विब्रेन हुकेमा चौदाव्या वर्षापासून पोलादात छपाईची अक्षरं कोरत आला होता. हॉलंडमधल्या हार्लेम गावातला त्याचा अक्षरांचा कारखाना बंद पडला तेव्हा तो छप्पन्न वर्षांचा होता. मग संगणकाच्या पडद्यांसाठी अक्षरं करणाऱ्या एका छोट्या कंपनीने त्याला ठेवून घेतलं. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने एकेक घर भरायचं, की त्याचा पडद्यावर एकेक ठिपका उमटायचा. अर्धा ठिपका कुणी देत नाही. ठळक आकडे तर जिवावर यायचे, कारण रेघ जाड केली की आतली पोकळी बुजते. तरी ठळक आठाच्या दोन्ही पोटांत त्याने एकेक ठिपका मोकळा राखला, आणि जुन्या सवयीने तो कागदावर छापून, हात लांब करून तपासला. आकडा झकास दिसला.

त्याची धाकटी बहीण आफके उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतात कालव्याच्या दरवाजावर बावीस वर्षं नोकरीला होती. पाणी चढलं की तिच्या पडद्यावरचा पातळीचा आकडा ठळक होई, म्हणजे दरवाजा बंद करायचा. मार्चमध्ये तिने त्र्याऐंशीचे त्रेसष्ट वाचले, दरवाजा उघडा राहिला आणि खालच्या कुरणात अडतीस मेंढ्या बुडाल्या. चौकशीत ठरलं की बाईंची नजर गेली, आणि तिला घरी बसवलं. तिनेही ते मुकाट मान्य केलं. डॉक्टरकडे जा म्हटलं की म्हणायची, "अडतीस मेंढ्यांनी तपासलेत की डोळे. आणखी कुणाला दाखवू?"

जूनमध्ये विब्रेन तिचा राहिलेला कोट आणायला कालव्यावरच्या तिच्या कामाच्या खोलीत गेला. नवा माणूस धोक्याची घंटा तपासत होता, आणि पडद्यावर ठळक आकडे होते. विब्रेनने आपल्या हातचे आकडे ओळखले. तो तिच्या खुर्चीत बसला. कागदावरची शाई जागच्या जागी राहते. काचेवर उजेड पसरतो. हिरव्या उजेडाने त्याचे ते मोकळे ठिपके गिळून टाकले होते. आठही ढेकूळ, सहाही ढेकूळ. कागदावर तपासण्याची अक्कल फक्त त्याच्यासारख्या जुन्या कोरक्यालाच सुचली असती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कोट तिथेच राहिला.

त्याने सांगितल्यावर कंपनीचा मालक म्हणाला, गप्प बसा, सगळ्यांनाच महागात पडेल. विब्रेनने त्याच दुपारी चौकशीवाल्यांना पत्र टाकलं आणि दुसऱ्या दिवशी आफकेच्या स्वयंपाकघरात बसून सगळं सांगितलं. तिने साखरपाव कापला आणि त्याच्यासमोर ठेवला.

"तुझे डोळे धड आहेत, आफके," तो म्हणाला. "चूक माझी होती."

"तीन महिने," ती हळूच म्हणाली, "पुढे दिसेनासं होईल म्हणून मी या घरात डोळे मिटून चालायला शिकतेय, विब्रेन. जिना चौदा पायऱ्यांचा आहे. बघितल्याशिवाय चढते मी आता."