फिटरनानांच्या बादल्या

आमचे फिटरनाना वासराला पाजायचं रबरी निपल आधी स्वतःच्या तोंडात घालून बघत. तेही चोरून नव्हे, भर अंगणात, दिवसाउजेडी. दुधाची बादली भिंतीच्या खुंटीला अडकवायची, आपण खाली उकिडवं बसायचं, मान वर करायची, डोळे मिटायचे आणि ओढायचं. पांढऱ्याशुभ्र मिशांचा, खाकी हाफपँट घातलेला, साठीला टेकलेला माणूस असा निपल चोखत बसलेला बघून आम्हा सुनांची काय अवस्था होत असेल, हे तुम्हीच ठरवा. तोंडात पदराचा बोळा कोंबून आम्ही स्वयंपाकघरात पळायचो. नाना मात्र शांतपणे मिशा पुसत आणि निकाल देत, "ह्येचं भोक मोठं हाय. वासराच्या घशात एकदम लोंढा जाईल. ठसकंल ते. दुसरं आण."

नाना म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. उभा जन्म कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून गेला. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, पुन्हा लग्नाचं कुणी काढलं की म्हणत, "इंजनाला एकच ड्रायव्हर बरा." रिटायर झाले आणि हत्यारांची एक लोखंडी पेटी घेऊन मोहोळजवळच्या आमच्या गावी, भावाच्या घरी आले. मी तेव्हा नवी सून होते, त्यामुळे मला त्यांची अडचण चटकन कळली. आम्ही दोघंही त्या घरात नवखेच होतो. शेती मामंजी म्हणजे माझे सासरे बघत, औतं माझे यजमान आणि दीर बघत, बाजारहाट आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. नानांना सगळे मान द्यायचे, चहा आधी त्यांना मिळायचा, पण त्यांच्यावाचून अडेल असं घरात काही नव्हतं. पाहुण्यासारखे ओसरीवर बसून असायचे. ज्या माणसाच्या हाताला सतत ग्रीस लागलेलं असायचं, त्याला ते स्वच्छ हात सोसत नव्हते.

दुष्काळ सरल्यावर मामंजींनी सरकारी योजनेतून संकरित जर्सी गाई घेतल्या, आणि नानांना काम मिळालं. गावात त्या गाईंना 'विलायती म्हशी' म्हणत. आमच्या खिलार गाईला आधी वासरू लावावं लागायचं, ते ढुशा द्यायचं, मग ती पान्हा सोडायची. या नव्या बायांना वासराची गरजच नव्हती. वासरू बाजूला काढलं तरी दूध देत राहायच्या. मग त्या वासराला पाजायचं कुणी आणि कसं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आत्याबाईंनी तर नाक मुरडून सांगितलं, "आईवेगळं वासरू सांभाळायचं पाप माझ्याच्यानं हुणार न्हाय." नाना म्हणाले, "मग त्ये पाप माझ्या नावावर लाव." त्या दिवसापासून वासरांचा गोठा नानांचा झाला.

त्यांची वासरू तपासायची पद्धत न्यारी होती. वर्कशॉपमध्ये ते हातोडीनं चाक ठोकून आवाजावरून तडा ओळखायचे म्हणे. गोठ्यात हातोडी चालत नाही, म्हणून ते वासराच्या पोटाला सरळ कान लावायचे. रोज सकाळी, प्रत्येकाच्या. वासरू त्यांचा कान नाहीतर मिशी चाटायचं आणि नाना ओरडायचे, "गप की गं, ऐकू दे!" त्यांना नेमकं काय ऐकू यायचं हे मला कधीच कळलं नाही. मीही एकदा कोणी नसताना कान लावून बघितला. मला नुसतंच गुरगुर ऐकू आलं आणि कानात केस गेले.

पहिलं वासरू आमच्या गावच्या चांगुलपणामुळे गेलं. गाय व्याली की पहिल्या चिकाचा खरवस गल्लीभर वाटायचा, ही रीत. आत्याबाईंचा हात सढळ. नवी जर्सी व्याली तेव्हा कौतुकानं त्यांनी पातेलंच्या पातेलं चढवलं. सगळ्या गल्लीनं गूळ-वेलदोड्याचा खरवस खाल्ला, आणि वासराच्या वाट्याला तळाशी उरलेलं आलं. ते आठवडाभरही तगलं नाही. पुढच्या वेताला नाना चुलीपुढे उभे राहिले. "वैनी, हे औषद हाय त्येचं. त्येचं पोट भरंल, मग उरंल त्येवढा खरवस कर. पहिली ताटली मलाच वाड, पण त्येच्या मागनं." आत्याबाई रुसल्या, गल्लीत बोभाटा झाला की फिटरनाना चिकाला राखण बसलाय. नानांनी खुशाल बोलू दिलं.

तरी दुसरंही गेलंच. या खेपेला चीक पाजला होता, पण बादलीनं. दुधात बोटं बुडवून वासराच्या तोंडात द्यायची, ते चोखू लागलं की हात हळूच बादलीत न्यायचा. वासरू मान खाली घालून घटाघटा ढोसायचं, पोट टम्म फुगायचं, मग हगवण. ते वासरू पुरून आल्यावर मामंजी हातपाय धुता धुता म्हणाले, "नान्या, आता आणिक एक जरी गेलं ना, तर गाईसकट समदं बाजारला काढतो. गोठ्यात रोज मरान बघायला न्हाय मी बसलो." मामंजींचा शब्द म्हणजे शब्द, हे भाऊ म्हणून त्यांना ठाऊक होतं. गाई गेल्या की आपण पुन्हा ओसरीवर, हेही ठाऊक होतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्या वर्षी सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरली, तेव्हा शेतीच्या अवजारांच्या मांडवात वासरांना आपोआप पाजणारं परदेशी मशीन आलंय, अशी बातमी लागली. नाना आम्हा सगळ्यांना घेऊन गेले. आम्ही पाळण्यात बसलो, सोलापुरी चिवडा खाल्ला, बांगड्या भरल्या, आणि परत आलो तरी नाना त्या मशीनपुढेच. चकचकीत पांढरी टाकी. विजेवर पाणी कोमट व्हायचं, त्यात दुधाची भुकटी आपोआप पडायची, आत पंखा फिरून ती ढवळायचा, आणि नळ्यांतून दूध निपलांपर्यंत यायचं. नानांनी विकणाऱ्या पोराकडून ते पुरं उघडून घेतलं. तोही हौशी निघाला, त्यानं नानांना स्टूल दिलं, चहा पाजला. नाना कुठलीही वस्तू घेताना एकच प्रश्न आधी विचारत, तोच त्याला विचारला, "धुवायचं कसं ह्ये?" त्यानं तेही नीट दाखवलं. पण आमच्या गावची वीज सकाळी आली तर दुपारी गायब, आणि ती भुकटी मुंबईशिवाय कुठं मिळत नव्हती. येताना एसटीत मोहोळ आल्यावर नाना एकदम म्हणाले, "लई देखणं होतं गं, सूनबाई." लग्न मोडून आलेल्या नवरदेवानं बोलावं, तसं म्हणाले.

मग काय, त्यांनी स्वतःच ते करायला घेतलं. भंगारातून एक ड्रम आणला, त्याला आतून कल्हई करून घेतली, चौथऱ्यावर चढवला. खाली लोखंडी पाइप, पाइपाला रांगेनं निपलं, मध्ये पाण्याच्या टाकीला असतो तसा तरंगत्या गोळ्याचा नळ, म्हणजे दूध ठरावीक वेगानंच उतरायचं. वीज नको, भुकटी नको. गाईचं ताजं दूध वर ओतलं की वासरं आपापली येऊन मान वर करून प्यायची. सगळ्या गावानं येऊन बघितलं. मामंजीसुद्धा पाय घासत गोठ्याच्या दारापर्यंत आले आणि "हां" म्हणाले. आमच्या घरात मामंजींचं "हां" म्हणजे मानपत्रच. नाना त्या ड्रमापाशी असे उभे राहायचे की आता शिट्टी मारून गाडी सोडतात की काय! मी त्यांना इतकं खूश आधी कधी पाहिलं नव्हतं.

त्या वासरांत एक ठिपकी होती, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, जन्मतःच बारकी. तीही रांगेत उभी राहायची, निपल तोंडात धरायची, शेपटी हलवायची. बघणाऱ्याला वाटावं, पितेय. पण शेजारचा दांडगा गोऱ्हा जोरानं ओढायचा आणि ड्रम तिच्या आधी तोच रिकामा करायचा. सगळी एकदम प्यायची, एकदम संपायचं, कुणी किती प्यालं हे कळायला मार्ग नव्हता. एका सकाळी नानांनी नेहमीसारखा तिच्या पोटाला कान लावला आणि तो उचललाच नाही बराच वेळ. मग तिची शेपटी वर केली. मागचे पाय हगवणीनं भरले होते.

नानांनी तिथल्या तिथे पाना घेतला आणि पाइप उघडला. वळणावरच्या जोडात आंबलेल्या दुधाचा हिरवट गोळा साठला होता. वरनं रोज कढत पाणी ओतलं जायचं, पण त्या कोपऱ्यात हात पोहोचत नव्हता. कुणालाही तो गोळा दिसला नसता. गुपचूप फेकून दिला असता, तर वासरू नशिबानं आजारी पडलं असंच सगळे म्हणाले असते. नाना तो गोळा तळहातावर घेऊन सरळ मामंजींकडे गेले. मी ताकाला बसले होते, समोर सगळं घडत होतं.

"दादा, ठिपकी पडली. माझ्या ड्रमानं पाडली. एक तर ती उपाशी ऱ्हायली, आन् जे मिळालं त्यात ह्ये होतं. बग."

मामंजींनी त्या हाताकडे बघितलं, मग भावाच्या तोंडाकडे. "मी काय म्हनलो होतो, ध्यानात हाय न्हवं?"

"हाय की. ती हाय तवर थांब. गेली, तर मीच दावं धरून गाई बाजारला नेतो."

मला रडू आलं. गाईंसाठी नाही, नानांसाठी. आपलं हसं होईल, आपली जागा जाईल, हे समोर दिसत असताना माणूस असा चालत जाऊन आपली चूक दुसऱ्याच्या पुढ्यात ठेवतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. पुढे आयुष्यात मोठमोठी माणसं भेटली, पण असं करणारी फार थोडी.

ठिपकीला नानांनी बाटलीनं पाजलं. उकळून निवलेलं पाणी, चिमूट मीठ, गुळाचा खडा, मग थोडं थोडं दूध. मान मांडीवर घेऊन घोटघोट. गोठ्यातच जेवले, गोठ्यातच निजले. ढोरांचे डॉक्टर मोहोळहून येऊन सुई टोचून गेले आणि म्हणाले, चाललंय तेच चालू द्या. ड्रमाचं कौतुक ऐकून शेजारच्या गावचे एक गृहस्थ तसाच करून द्या म्हणायला आले, तेव्हा नानांनी त्यांना उघडा पाइप दाखवला, आजारी वासरू दाखवलं आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं. ड्रमाचे तुकडे ते फावल्या वेळात करतच होते. मी म्हटलं, "नाना, एवढं घडीव काम, राहू द्या की कोपऱ्यात." तर म्हणाले, "नको. डोळ्यापुढं ऱ्हायलं की पुन्यांदा लावावं वाटंल."

एका दुपारी ठिपकी उठली. पाय लटपटत होते. दोन पावलं टाकली आणि नानांच्या गुडघ्यावर तिनं अशी ढुशी दिली की नाना शेणात बसले. बसले ते हसतच. मामंजी बैल सोडून येत होते, त्यांनी हे बघितलं. जेवताना ताटावरून मान वर न करता म्हणाले, "ह्या बाजारला काय मला जायचं न्हाय." मग आत्याबाईंनी नानांच्या भाकरीवर न मागता लोण्याचा गोळा ठेवला.

त्यानंतर नानांनी साध्या बादल्या निवडल्या. प्रत्येक वासराला एक, बुडाशी निपल बसवलेली, आणि गाईचा सड असतो त्या उंचीला फळीवर टांगलेली. प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी. गावानं चेष्टा केली. "काय फिटरनाना, येवढं इंजान केलं आन् शेवटी बादलीवर आलात व्हय?" नाना म्हणायचे, "बादलीत खांद्यापातुर हात जातो. आन् दुसरं, ती पाजताना माणसाला म्होरं उभं ऱ्हावं लागतं. त्येवढाच एक पार्ट माझ्या मशीनीत बसत न्हवता." गोठ्यात पुढे गाई वाढल्या, ठिपकीच्याच पोटची कितीतरी झाली. त्या काळात एकही वासरू उपाशीपोटी निजलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगते, कारण नाना बाहेरगावी गेले की त्या बादल्यांपुढे मी उभी असायचे.

नाना गेले ते ज्वारीच्या काढणीत, दुपारचे आडवे झाले ते उठलेच नाहीत. कुर्डुवाडीहून त्यांचे वर्कशॉपचे सोबती गाडीनं यायचे होते, म्हणून उचलायचं थांबलं होतं. चूल थंड, ओसरी माणसांनी भरलेली. आणि दिवस कलला तशी गोठ्यातनं वासरं हंबरू लागली. आधी एक, मग सगळीच. घरात प्रेत असताना कामाला हात लावायची आमच्याकडे रीत नव्हती. आम्ही बायका एकमेकींकडे बघायचो आणि मान खाली घालायचो. मामंजी भावाच्या उशाशी बसले होते. डोळ्यांत टिपूस नव्हता.

ते उठले. माझ्या यजमानांना म्हणाले, "गाई पिळ." मग मला म्हणाले, "कंची बादली कुणाची, दाव मला." त्या गोठ्यात वासरांना पाजायला ते आजवर एकदाही गेले नव्हते. मी चिंध्या दाखवत गेले, ते बादल्या टांगत गेले. थोडं दूध धोतरावर सांडलं. प्रत्येक वासरासमोर ते उभे राहिले, ते पिऊन संपेपर्यंत. बाहेर माणसं खोळंबली होती, कुणीतरी घाई करायला दाराशी आलं आणि तसंच मागे फिरलं.

मग ते ओसरीवर आले, पुन्हा उशाशी बसले, भावाच्या कपाळावर ओला हात ठेवला आणि सगळ्यांच्या देखत त्याच्याशी बोलले.

"समद्यास्नी पाजलं रं, नान्या. एक बी उपाशी न्हाय. जा तू आता."