कॉटशेजारच्या बायका

आमच्या सासूबाईंना हॉस्पिटलात कुणी कधी नावाने हाक मारली नाही. तळघरातल्या धुलाईघरात एकतीस वर्षं त्यांनी चादरींच्या घड्या घातल्या, म्हणून त्या घडीबाई. घरीही हाताला तीच खोड. वर्तमानपत्र वाचून व्हायच्या आत त्या त्याची घडी घालून ठेवायच्या आणि मामंजी ओरडायचे, "अगं, मी अजून पहिल्याच पानावर आहे!"

रोज सकाळी धुतलेल्या चादरींची ढकलगाडी घेऊन त्या मुलांच्या वॉर्डात जात. आईबापांना भेटायची वेळ चार ते सहा. बाकी सगळा दिवस चाळीस कॉट आणि तीन सिस्टर. एकदा पायाला प्लास्टर घातलेल्या चार-पाच वर्षांच्या मुलीने त्यांची बाही धरली ती सोडेचना. सासूबाईंनी जेवणाची सुट्टी तिथेच काढली. दुसऱ्या दिवशीही तेच. मग धुलाईघरातल्या दोघी आल्या, त्यांच्या शेजारणी आल्या, एक शिंपीण आली, शाळेतून निवृत्त झालेल्या एक मास्तरीणबाई आल्या. स्वतः निवृत्त झाल्यावर तर सासूबाईंनी वॉर्डातच ठाण मांडलं. अकरा वर्षांत तेवीस बायका झाल्या. सकाळी आठ ते दुपारी चार, ठरल्याप्रमाणे कॉटशेजारी बसायचं. कुणी कधी यायचं त्याचा तक्ता मास्तरीणबाई लिहायच्या, कारण सासूबाईंचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागत नसे.

नियम मात्र सासूबाईंचा. नव्या बाईला त्या सांगायच्या, "मुलाशी खोटं बोलायचं नाही. आई आत्ता येते, असं म्हणायचं नाही. चार वाजता येईल, म्हणा. रडलं तर रडू दे. तुम्ही हलू नका."

माझ्या मुलीला ताप चढला होता, तेव्हाही त्या तिकडेच होत्या, दुसऱ्यांच्या मुलांजवळ. ते मी विसरलेले नाही.

एका सोमवारी सकाळी त्या वॉर्डात गेल्या तर कोपऱ्यातल्या कॉटवर तीन वर्षांचा एक मुलगा पडला होता. दोन्ही मनगटं बँडेजने कॉटच्या दांड्यांना बांधलेली. बोटं सुजून जांभळी झाली होती. तो रडतही नव्हता, नुसता छताकडे बघत होता. सासूबाईंनी ट्रेमधली कात्री उचलली आणि दोन्ही पट्ट्या कापल्या.

"घडीबाई, काल सुट्टी. मी एकटी होते," सिस्टर म्हणाली. तिचेच डोळे भरले होते. "त्याने नाकातली नळी दोनदा उपसली. मी काय करायचं होतं?"

"मला बोलवायचं होतंस. दहा मिनिटांवर राहते मी."

घरी येऊन त्यांनी मला कागद काढायला लावला. "सिस्टरबद्दल नको लिहूस. चाळीस मुलांना एक माणूस कोण ठेवतं, ते विचार." मी लिहिलं, त्यांनी सही केली. तक्रार मोठ्या साहेबांकडे गेली.

साहेबांनी सासूबाईंना बोलावलंच नाही. बोलावलं मास्तरीणबाईंना. तक्रार मागे घ्या, नाहीतर उद्यापासून बाहेरची कुठलीही बाई चारच्या आधी वॉर्डात दिसता कामा नये.

शिंपिणीच्या दुकानात सगळ्या जमल्या. जागा नव्हती, काही जणी मशीनच्या पाटावर टेकल्या.

"एका पोरासाठी चाळीस पोरांना वाऱ्यावर सोडायचं का?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "तूच सांग."

"त्याची बोटं तू पाहिलीस?"

"नाही पाहिली."

"मग बघून ये. मग हात वर कर."

कुणी बघायला गेलं नाही. तक्रार मागे घ्यायला एकवीस हात वर झाले. शिंपीण खाली मान घालून हातातल्या कापडाचा दोरा ओढत राहिली. तिचा हात वर गेला नाही, पण तोंडही उघडलं नाही.

आता तक्रार त्या मुलाच्या आईनेच करावी, असं सासूबाईंच्या मनात आलं. आम्ही दोघी ती कामाला होती त्या कारखान्याच्या फाटकापाशी गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"हे मला कशाला सांगितलंत?"

"तुझा मुलगा आहे, बाळा."

"अजून दोन वर्षं त्याला दर महिन्याला तिथेच न्यायचंय. त्याला नीट हात लावावा म्हणून मी सगळ्यांशी गोड बोलते. आता हे माझ्या डोळ्यांसमोरून जायचं नाही, आणि मला करता तर काहीच यायचं नाही." भोंगा झाला. ती आत गेली.

मला वाटतं, सासूबाई खचल्या त्या तिथे, फाटकापाशी. दुकानातल्या हातांनी नाही.

मास्तरीणबाईंनी सगळ्यांच्या वतीने पत्र दिलं: आमच्या एका वयस्कर सदस्येचा गैरसमज झाला होता. दुसऱ्या दिवशी बाकीच्या आत गेल्या; दारावरच्या पहारेकऱ्याने, ज्याने इतकी वर्षं सासूबाईंना कधी हटकलं नव्हतं, मान खाली घालून सांगितलं, "घडीबाई, चारला या."

"चारला यायला माझं आत कोण आहे?" म्हणून त्या मागे वळल्या.

वर्षभराने शिंपीण घरी आली. म्हणाली, तुमच्या तक्रारीवरून आता नियम झालाय. मुलाला असंच बांधता येत नाही. छापील फॉर्म आहे. डॉक्टरची सही लागते, शिवाय साक्षीदार म्हणून आपल्यातल्या एकीची.

"आणि बांधल्यावर त्याच्याजवळ बसतं कोण?"

शिंपीण चाचरली. "बांधलेलं मूल पडत नाही, नळी ओढत नाही. म्हणून मास्तरीणबाई ती कॉट तक्त्यातून काढतात. तेवढीच एक बाई दुसरीकडे देता येते."

"तू केलीस सही?"

"दोनदा."

सासूबाईंनी तिला जा म्हटलं नाही, बसही म्हटलं नाही. ती थोडा वेळ चपलांपाशी उभी राहिली आणि गेली.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "निदान विचारल्याशिवाय तरी आता कुणी बांधत नाही. तुमच्यामुळेच ना हे?"

"हो," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळेच."