साखरपुड्यातली काकडी

माझं गुळाचं अडत दुकान आहे. सौद्यात भाव निघण्याआधी गुळाच्या ढेपेचा खडा मोडून तोंडात टाकायचा आणि मान डोलवायची, हे माझं रोजचं काम. त्यामुळं रक्तातली साखर काठावर आली आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा बायकोला काहीच आश्चर्य वाटलं नाही. मला मात्र वाटलं. मी फार कमी खातो, असं मी ठामपणे सांगितलं. मग डॉक्टरांनी दिवसभराचं खाणं तोंडी विचारलं. सकाळचे पोहे, सौद्यातला गूळ, दुपारच्या भाकऱ्या आणि त्यावर भात, संध्याकाळची मिसळ... तिथपर्यंत येताना माझा आवाज आपोआप खाली आला. शेजारी बसलेल्या बायकोनं मिसळीबरोबरचे जादा पाव मोजले नाहीत म्हणून ते राहिले.

औषध लगेच नको, असं डॉक्टर म्हणाले. भात, भाकरी, बटाटा, गूळ कमी करा, भाजी आणि उसळ वाढवा, आणि सगळं हळूहळू करा.

'हळूहळू' हा शब्द मला पटला नाही. शिवाजी पेठेत माझा एक मित्र आहे. तरुणपणी तालमीत कुस्ती खेळायचा. त्यानं उपाय लगेच सांगितला: भात-भाकरी सोड आणि मटणावर ये. मी त्याला आठवण करून दिली की आम्ही लिंगायत, आमच्या उंबऱ्याच्या आत अजून अंडंसुद्धा आलेलं नाही. तो कुणाच्या तरी मयताला आल्यासारखा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मग तुझं अवघड हाय."

पुण्याच्या मुलीनं फोनवर दोन रस्ते सांगितले. एक डॉक्टरांचाच, कमी करत जाण्याचा. दुसरा कडक. त्यात धान्य पूर्ण बंद, कडधान्यंही जवळपास बंद. पनीर, लोणी, बदाम आणि पालेभाज्यांवर राहायचं. पप्पा, तुम्ही पहिला घ्या, असं ती तीनदा म्हणाली. मी दुसरा घेतला. कमी करण्यापेक्षा बंद करणं सोपं, असं माझं मत होतं. ज्यांना आयुष्यात काहीही कमी करता आलेलं नाही, त्यांचं हे मत असतंच.

पहिल्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. त्यानंतर डोकं दुखायला लागलं. पाय गळाले, पोट साफ होईना, आणि पनीर बघितलं की अंगावर काटा यायचा. दुकानात चव बघायला धाकट्या भावाला बसवलं. त्याची पारख माझ्यापेक्षा चांगली निघाली, हे दुःख आणखी वेगळं. घरी मी सारखा चिडायचो. बायको शांतपणे म्हणाली, "साखर उतरायची तवा उतरंल, गोडवा मात्र पयलाच उतरला."

त्यातच मेव्हण्याच्या मुलीचा साखरपुडा आला, गडहिंग्लजला. कडक व्रत घेतलेल्या माणसानं जायला यापेक्षा वाईट ठिकाण नाही. पंगतीत हुग्गी होती, म्हणजे आमच्याकडची खपली गव्हाची गुळातली खीर, वर तुपाची धार. शिवाय मसालेभात, पोळ्या, भजी. मी पहिल्या रांगेत बसलो आणि वाढप्याला हात आडवा करून एकेक पदार्थ परत पाठवला. माझ्या पानात शेवटी काकडीच्या चार फोडी आणि शेंगदाण्याची चटणी उरली. मी त्या फोडी मोठ्या निग्रहानं चावत होतो. लोक आपल्याकडं कौतुकानं बघताहेत, असं मला वाटत होतं.

लोक बघत होते हे खरं. पण मुलीच्या आत्याचा नवरा पहिल्या रांगेत बसून काकडी खातोय, याचा आमच्याकडं एकच अर्थ होतो. पावणं रुसलेत. ही बातमी चुलीपर्यंत गेली आणि तिथून मुलाकडच्या मंडळींत पोचली. मेव्हणा येऊन पुढ्यात उभा राहिला. आहेरात काही कमी पडलं का, मान द्यायचा राहिला का, असं हळू आवाजात विचारू लागला. मी नाही म्हणालो, तर त्याला ते जास्तच खरं वाटलं. मग मुलाचे वडील आले. उंच, गंभीर माणूस.

"स्थळात काय खोट दिसली असंल तर आत्ताच सांगा," ते म्हणाले. "लग्नानंतर नको."

माझ्या तोंडात काकडी होती. ती गिळून मी उभा राहिलो आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं की मला साखर हाय, म्हणून मी खात न्हाय.

मला वाटलं, मिटलं. पण त्यांचा चेहरा आणखी उतरला. हा आजार घराण्यात आहे का, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मागून बायकोचा आवाज आला. "आमच्यात कुणाला न्हाय. हे ह्यांच्याकडचं हाय."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मी असा भर मांडवात परका ठरलो. मांडवातला ताण मात्र सुटला. सासूबाईंनी न विचारता माझ्यापुढं हुग्गीची वाटी ठेवली आणि मी ती खाल्ली. दुसरी वाटी आग्रहानं वाढली, असं मी आजही सांगतो. खरं म्हणजे ती मी मागून घेतली.

डॉक्टरांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. वर्षभरानंतरही जे ताट तुम्ही आनंदानं खाऊ शकाल, तेच आज निवडा, एवढंच म्हणाले. मग बायकोनं ताट लावायला घेतलं. अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, वाटीभर मटकीची उसळ, ताक, एक भाकरी. भात सणासुदीला. गूळ भावाकडंच राहिला. डोकं दुखायचं थांबलं. पुढच्या तपासणीत साखर काठावरून थोडी आत सरकली. फार नाही, पण डॉक्टरांनी मान डोलवली.

लग्नात मुलाचे वडील मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसले. इकडं तिकडं बघून त्यांनी हळूच विचारलं, "पावणं, भाकरी किती खाता मग?" त्यांचीही तपासणी झाली होती आणि घरी अजून कुणाला माहीत नव्हतं. मी घसा साफ केला, जन्मभर संयमानं जगलेल्या माणसाचा चेहरा केला आणि सांगितलं की या बाबतीत गडबड करून चालत नाही, हळूहळू करावं लागतं.