चिंचेखालचा चौथरा

आमच्या डोंबिवलीच्या चालणाऱ्या मंडळींना इतिहासाचं भारी वेड. दगडावर दगड दिसला की झाला शिवकाळ सुरू. गेल्या हिवाळ्यात त्यांनी उल्हास नदीच्या काठाने मोहन्यापर्यंत चालायचं ठरवलं, तेव्हा मी गप्प राहिले. माझं माहेर याच वाटेवरचं, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. कॉलेजात असल्यापासून "आई घरीच असते" असं ठोकून द्यायचे, ती सवय पन्नाशीपर्यंत टिकली.

वाटेत चिंचेखाली छातीइतका उंच दगडी चौथरा दिसला आणि सगळे थबकले. "चौकी असणार," आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ काका म्हणाले. "इथे जकात घेत असतील." कुणी फोटो काढले. काकांनी तर बूट काढून नमस्कार केला.

तो चौथरा माझ्या आईने रचला होता. भोपळ्या-वांग्यांची भरलेली टोपली एकटीला डोक्यावर चढवता येत नाही, दुसऱ्याचा हात लागतो. वाटेत दम खायला टोपली जमिनीवर ठेवली, की कुणी येईपर्यंत खोळंबा, आणि तोवर मोहन्याचा बाजार उठायचा. म्हणून ती रोज परतताना नदीतला एकेक दगड रिकाम्या टोपलीत घालून इथे आणायची. चौथरा छातीला लागला, तशी टोपली त्यावर टेकवायची, घाम पुसायची आणि गुडघ्यात वाकून टोपली परत डोक्यावर ओढून घ्यायची. कुणाची मिनतवारी नाही. पुढे गावातल्या सगळ्याच भाजीवाल्या तिथे टेकू लागल्या.

आताही गप्प बसले असते, तर तिच्याच चौथऱ्यासमोर उभं राहून तिला नाकारल्यासारखं झालं असतं.

"काका, जकात-बिकात काही नाही," मी म्हणाले. "हा माझ्या आईने बांधलाय. ती भाजी विकायची. त्या भाजीवर मी शिकले." आवाज माझा मलाच मोठा वाटला. इतका अभिमान दाटून आला होता की डोळे पुसायचंही सुचलं नाही.

काका जरा गोंधळले. मग म्हणाले, "म्हणजे नमस्कार फुकट नाही गेला."

आई आता कोपरला माझ्याच घरी असते. मी तिथूनच तिला व्हिडिओ कॉल लावला आणि चौथरा दाखवला. तिला कौतुक नव्हतंच.

"अगं, वरचा दगड हलतोय का बघ."

मी हात लावला. "हलतोय."

"मग फोन ठेव आणि आधी तो नीट बसव. अजून टेकत असेल कुणीतरी."

काकांनी दगड उचलून धरला, मी खाली कपची सारली.