लंकेतलं घर

निवृत्त होऊन वर्ष झालं आणि आम्हा नवराबायकोच्या डोक्यात एक खूळ शिरलं. वर्षातले चार महिने परदेशात राहायचं. सहल कंपनीच्या बसमधून आठ दिवसांत पाच देश बघून यायचे नव्हते. एकाच गावात राहायचं, बाजारातून मासे आणायचे, शेजारणीशी मोडकंतोडकं बोलायचं, आणि मानवलं तर उतारवय थोडं थोडं तिथेच घालवायचं. माझी सगळी नोकरी तहसील कार्यालयात झाली, ह्यांची वीज मंडळात. मूलबाळ नाही. वेंगुर्ल्यातलं घर कुलूप लावून ठेवलं तरी कुणाचं काही अडणार नव्हतं.

एजंट नको, हे पहिल्याच दिवशी ठरलं. नोकरीत मी खोटे दाखले इतके हाताळले होते की मला फसवणं सोपं नाही अशी माझी समजूत होती. हे नकाशे बघायचे, पावसापाण्याची माहिती काढायचे. मी व्हिसाचे नियम वाचायची आणि घरांच्या जाहिराती चाळायची. फोटो चकचकीत आणि भाडं नको तितकं कमी दिसलं की मी पुढे जायची. शेवटी श्रीलंका ठरली. भात, मासे, नारळ, आणि विमानाचा प्रवासही फार लांबचा नाही.

दक्षिण किनाऱ्यावरचं ते घर मला एका सकाळी दिसलं. उतरत्या कौलांचं छप्पर, तांबडी कोबा केलेली जमीन, पडवीला दोन गोल खांब, माडांमधून दिसणारा समुद्र. फोटो चांगले काढलेले नव्हते, म्हणूनच खरे वाटले. पण फोटो बघताना मला एक चमत्कारिक गोष्ट जाणवली. आत गेल्यावर स्वयंपाकघर कुठल्या हाताला असणार ते मला ठाऊक होतं. पायरी किती उंच आहे हे माझ्या पायाला कळत होतं. ह्यांना सांगितलं तर हे हसले.

"किनाऱ्यावरची घरां सगळी सारकीच," हे म्हणाले.

मालकाशी इंग्रजीत लिहून बोलणं सुरू झालं. आपण वयस्कर आहोत, एकटे आहोत, असं त्याने लिहिलं. फार अदबीने लिहायचा. तुम्हाला खिडकीजवळ झोपायला आवडतं का, असं विचारायचा. मी हो म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी फोटो आला, पलंग खिडकीशी सरकवलेला, पांढरी चादर ताणून घातलेली, पायथ्याशी घडी घातलेले दोन टॉवेल. मग जेवणाच्या टेबलाचा फोटो, दोन ताटं पालथी घातलेली. "घर तयार आहे. मी ते रोज तयार ठेवतो," असं खाली लिहिलेलं. एकाही फोटोत माणूस नव्हता. समोरासमोर बोलू या म्हटलं की नेटवर्क नसायचं. एकदा त्याचा नुसता फोन आला. मी हॅलो हॅलो करत राहिले. पलीकडे कावळा ओरडत होता, बाकी काही नाही. मग फोन कट झाला.

पुढच्या निरोपात आगाऊ रक्कम भरायची लिंक आली. माझ्यातली कारकून जागी झाली. मी लिहिलं, "एका कागदावर आमचं आडनाव आणि आजची तारीख लिहा, कागद त्या पलंगावर ठेवा आणि फोटो पाठवा."

दोन तासांत फोटो आला. चादरीवर वहीचा फाडलेला कागद. आमचं आडनाव इंग्रजी अक्षरांत, पण लिहिणाऱ्याला ती लिपी येत नसावी. चित्र काढावं तशी एकेक रेघ काढलेली होती. त्याखाली तारीख. ती मात्र सराईत हाताने लिहिलेली होती. मी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि यात काय चुकतंय ते कळायलाच मला वेळ लागला, इतके ते आकडे सवयीचे होते. तारीख देवनागरीत होती.

मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठा केला आणि कागद सोडून खिडकीकडे बघत राहिले. खिडकीच्या गजांपलीकडे विजेचा एक खांब अर्धवट दिसत होता.

"गो, ह्या खांबार मी चढलंय," हे म्हणाले.

"खंय?"

"शिरोड्याक. वादळ झाला तेवा. ह्यो मधेच वाकलेलो, तसोच ठेवलो आमी."

श्रीलंकेतलं आमचं घर आमच्यापासून स्कूटरने अर्ध्या तासावर होतं.

आम्ही लगेच निघालो. पोचलो तेव्हा ऐन दुपार होती. आमच्याकडे त्या वेळेला शहाणं माणूस माडांच्या बागेतून फिरत नाही. वारा पडलेला होता, झावळ्या हलत नव्हत्या, समुद्राचा आवाजसुद्धा दुसरीकडून कुठून तरी आल्यासारखा वाटत होता. मुख्य रस्त्यापासून आत, एकाकी जागी ते घर उभं होतं. दोन गोल खांब, तांबडी जमीन. अंगण झाडून घेतलेलं, ताजं, मातीवर खराट्याच्या रेषा तशाच होत्या. त्यांच्यावर एकही पाऊल नव्हतं. मी पायरी चढले. माझ्या पायाला ठाऊक होती तेवढीच ती उंच निघाली.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून एक म्हातारी बाहेर आली. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, कमरेला चाव्यांचा जुडगा. आम्हाला बघून ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"इलास?" तिने विचारलं.

ह्यांनी विचारलं, "मावशे, कोणाची वाट बघतंस?"

"पाव्हण्यांची. मालकांनी सांगितल्यानी, आज नायतर उद्या येतले. गेल्या पावसापास्ना सांगतत. मी खोली करतंय, फोटो धाडतंय, भात घालतंय, माशाचा निस्त्याक करतंय. सांजेपर्यंत वाट बघतंय, मगे कुत्र्यांका घालतंय. कोण येणाच नाय." तिने आमच्या पायांकडे पाहिलं. "तुमीच पयले."

तिने आम्हाला आत नेलं. तोच पलंग, तोच कागद चादरीवर. माझं आडनाव माझ्याकडे बघत होतं. टेबलावर दोन ताटं होती आणि झाकलेल्या भांड्यातून मासळीच्या कढीचा वास येत होता. ती गरम होती. सांगायला संकोच वाटतो, पण त्या क्षणी मला बसून जेवावंसं वाटलं. त्याच इच्छेची मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

हळूहळू सगळं कळलं. घर मुंबईला राहणाऱ्या एका कुटुंबाचं. म्हातारी चाळीस वर्षं राखणदार. मधली काही वर्षं कुणी फिरकलंच नाही, आणि मग एक दिवस मालकांचा फोन आला. पाहुण्यांना घर द्यायचं आहे, तयारी करून फोटो पाठव. कसे पाठवायचे ते तिला शेजारच्या सुनेने शिकवलं. कागदावरचं इंग्रजी नाव तिने फोनवर बघून उतरवलं होतं. तारीख तिची स्वतःची.

"मालकच बोलतत ह्यां कशावरना?" मी विचारलं.

तिला ते आवडलं नाही. "चाळीस वर्सां आयकलंय तो आवाज. माका कळाचो नाय?"

स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीने मालकांच्या मुलीचा नंबर लिहिलेला होता. म्हातारीने तो कधी लावला नव्हता. मी पडवीत येऊन लावला आणि ऑफिसात बोलायची तसं, सावकाश सांगितलं.

"बाबांना जाऊन दोन वर्षं होतील," मुलगी म्हणाली. "मावशींना कळवायचं राहूनच गेलं हो."

ते म्हातारीला मलाच सांगावं लागलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. भांड्यावरचं झाकण नीट करत तिने विचारलं, "मगे काल कोण बोल्लो माझ्याशी?"

तेवढ्यात तिच्या ओटीतला फोन वाजला. तिने तो काढून लांब धरला, जणू तो तापला होता. ह्यांनी तो हातातून घेतला आणि कानाला लावला. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. पलीकडचा काहीतरी थोडंसंच बोलला.

"इले," हे म्हणाले. फोन बंद झाला.

"काय म्हणालो?"

"पाव्हणे इले काय, म्हणून इचारल्यान." म्हातारीला फोन परत देत हे म्हणाले, "आवाज म्हाताऱ्याचो होतो." त्यापलीकडे आजपर्यंत ह्यांनी काही सांगितलेलं नाही. तो नंबर पुन्हा लागला नाही.

आम्ही रीतसर तक्रार केली. पोलिसांनी सगळं लिहून घेतलं. अशा टोळ्या लांब कुठेतरी बसलेल्या असतात, घरं बंद कोणती ते शोधतात, आणि आता कम्प्युटरवर कुणाचाही आवाज काढायची सोय झाली आहे, असं तिथल्या तरुण अधिकाऱ्याने समजावलं. मालकांच्या मुलीला आठवलं की बाबा बागकामाचे व्हिडिओ इंटरनेटवर टाकायचे. तेवढं पुरलं असेल, असं अधिकारी म्हणाला. असेलही. आमच्या आधी काही लोकांनी पैसे भरले होते, एकजण तर लंकेत जाऊन ते घर शोधत फिरला होता, हे नंतर कळलं. ती जाहिरात काढून टाकली गेली. मुलगी येऊन गेली, म्हातारीच्या पाया पडली, तिचा पगार पुन्हा सुरू केला. जाताना तिने आम्हाला विचारलं, "तुम्हीच राहता का इथे? भाडं नको." मी एका दमात नाही म्हटलं. कारण विचारलं असतं तर देता आलं नसतं.

हिवाळ्यात आम्ही श्रीलंकेला गेलो. एकही घर आधी ठरवलं नाही. साध्या लॉजमध्ये उतरलो, तीन आठवडे किनाऱ्यावरची गावं पायी आणि बसने बघितली. दवाखाना किती लांब, पाणी कसं, संध्याकाळी शेजारी दिवा लागतो का, एवढंच बघितलं. एका गावात निवृत्त शिक्षिकेच्या घराची मागची बाजू पसंत पडली. तिने भाड्याचं बोलण्याआधी आमची तिच्या आजारी भावाशी, दोन शेजारणींशी आणि कोंबड्यांशी ओळख करून दिली. पुढच्या वर्षीचे तीन महिने तिथेच ठरले.

श्रीलंकेला निघण्याआधी मी म्हातारीला भेटायला गेले होते. पोचल्यावर फोन करते म्हटलं तर तिने मान हलवली.

"फोन नको गो बाय. पत्र घाल."

मी तिथून खरंच पत्र टाकलं, चार ओळींचं. ते शिरोड्याला पोचायला महिन्याच्या वर लागलं. तोवर आम्ही परत आलो होतो, आणि वाचून दाखवायला तिने मलाच बोलावलं. मी पडवीत बसले आणि मोठ्याने वाचलं, "आम्ही दोघं इथे सुखरूप पोचलो." ती डोळे मिटून ऐकत होती. वाचून झाल्यावर, मी समोरच बसलेली असताना, पत्राकडे बघत म्हणाली, "बरा झाला. आता परतान कधी येतले, ता लिवल्यानी हा काय?"