हीटरमधला बोडीचा गाळ

बाबांच्या किडन्या गेल्यापासून आठवड्यातून दोनदा मी त्यांना अड्याळहून भंडाऱ्याला डायलिसिससाठी नेत असे. निघायचं भल्या सकाळी. पौषाची थंडी, लाखोळीच्या शेतांवर धुकं, आणि आमच्या जुन्या गाडीच्या हीटरमधून भसाभसा गार हवा. डायलिसिसच्या माणसाला थंडी तशीही जास्तच बोचते. स्वेटर, शाल, वर घोंगडी, तरी बाबांचे दात वाजत. एका सकाळी ते अंगणातल्या बाजेवर बसले ते उठेचनात.

"थंडीनंच मारून राहिली का मले? हीटर चालू कर, मंग येतो."

"खरंच याल?"

"शब्द देला."

डायलिसिस थांबवलं तर काय होईल, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांच्या तोंडावर सांगितलं होतं. मी रागानं काहीबाही बोलले. बाबा हट्टी, पण शब्दाचे पक्के. शेवटी दवाखान्यात फोन करून दुसऱ्या दिवशीची वेळ मागून घेतली आणि बाह्या सरसावल्या.

गावातल्या मिस्त्रीनं आधी हीटरचा पंखाच बदलून दिला होता. हवा तर जोरात येत होती, गरम तेवढी होत नव्हती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मी स्वतःच बॉनेट उघडलं. कुलंट भरलेलं होतं. इंजिन चालू ठेवलं तर काटा नीट मध्यावर आला, म्हणजे इंजिन तापत होतं. मग इंजिनातून हीटरकडे जाणारे दोन पाइप चाचपले. आत जाणारा हाताला चटका देणारा, परत येणारा थंडगार. गरम पाणी आत जाऊन तिथंच अडत होतं. हीटरच्या आतली बारीक नळ्यांची जाळी तुंबली होती.

इंजिन निवल्यावर दोन्ही पाइप काढले आणि परतीच्या बाजूनं नळाचं पाणी सोडलं. आधी काहीच नाही. मग गुळणी टाकावी तसा काळपट चिखल बाहेर आला.

"आपल्या बोडीचा गाळ आहे थो," बाबा बाजेवरून म्हणाले.

बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायला शेताच्या वरच्या अंगाला खोदलेलं आमचं छोटं तळं. गाडी बाबा चालवायचे तेव्हा शेतावर गेले की तिथूनच डबा बुडवून रेडिएटर भरायचे. कुलंटला ते रंगीत पाणी म्हणायचे. "बैलाले चालते, मंग गाडीले काय होते?" हे त्यांचं शास्त्र. घरच्या ट्रॅक्टरलाही ते हेच पाणी पाजायचे; त्यानं ते मुकाट सोसलं होतं.

"पहा तुमचे प्रताप!" मी ओरडले.

"फेकू नोको. वांग्याच्या वाफ्यात टाक. सोनं आहे थे."

मरणाच्या दारात माणूस, आणि चिंता वांग्यांची. मला हसू आलं, रडूही आलं. गाळ वाफ्यात टाकला. पाणी स्वच्छ येईपर्यंत जाळी धुतली, पाइप बसवले, नवं कुलंट भरलं, इंजिन चालू केलं. थोड्या वेळानं हीटरमधून ऊन हवा येऊ लागली. मी बाबांना धरून आणलं, पुढच्या सीटवर बसवलं आणि त्यांचा हात गरम हवेच्या झोतासमोर धरला.

"लागते गरम?"

त्यांनी हात तसाच ठेवला. मग हळूच म्हणाले, "मले वाटलं, तुयाच्यानं होनार नाही."

मला ते कौतुक वाटलं. खुशीत मी त्यांच्याकडे पाहिलं. बाबांचा चेहरा पार उतरला होता. थंडी हे निमित्त होतं. त्यांना हे सगळं थांबवायचं होतं, आणि तसं मला सांगायचा धीर होत नव्हता म्हणून त्यांनी हीटरचा आडोसा घेतला होता. तो आडोसा मी दुपारभर खपून, धुऊन काढला होता.

रात्रभर मनात येत राहिलं, सकाळी हीटर पुन्हा बंद पडू दे.

सकाळी मी हाक मारायच्या आत बाबा कानटोपी घालून गाडीत बसलेले. गाडी तापली तशी त्यांनी शाल काढून मांडीवर घडी करून ठेवली. बोडीच्या वळणावर मी गाडी थांबवली.

"बाबा, नाही जायचं तर नाही म्हणा. मी वळवते."

ते धुक्यात बोडीकडे पाहत राहिले. गरम हवा त्यांच्या हातांवर येत होती.

"आता नाही म्हनायले मले तोंड कुठं आहे, बाई," ते म्हणाले. "शब्द देला ना. चाल."

मी गाडी वळवायला हवी होती का, हे मला अजून कळत नाही. मी गिअर टाकला आणि भंडाऱ्याच्या रस्त्याला लागले.