चपला धरायला माणूस

मानकोलीच्या नाक्यावरून आत वळलं की दोन्ही अंगांनी गोडाऊनच गोडाऊन लागतात. त्यांच्या पाठीमागे अजून एक अख्खं गाव नांदतंय, यावर कंटेनर घेऊन आलेल्या नव्या ड्रायव्हरचा विश्वासच बसत नाही. त्या गावात रंजिता राहते. गावाला तिची ओळख दोन गोष्टींमुळे. एक तिच्या हातचं कोलंबीचं कालवण, ज्याबद्दल कुणाचंच दुमत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे रोलर कोस्टर, आणि त्याबद्दल मात्र गावाचं अजून एकमत झालेलं नाही. लेक लग्नाची झालेली ही बाई पार्कात जाऊन त्या उलट्यापालट्या होणाऱ्या गाडीत बसते, तीही शेवटच्या रांगेत, दोन्ही हात वर करून. कुणी विचारलं तर लाजत वगैरे नाही. "मागच्या सीटला झटका जास्त बसतो," एवढंच सांगते आणि कामाला लागते.

हे वेड तिने माहेराहूनच आणलेलं. कशेळीकडच्या तिच्या गावात जत्रेला लाकडी पाळणा यायचा. चार डबे, आणि ते हाताने ढकलणारे दोन घामाघूम गडी. बाकीच्या पोरी डबा वर गेला की किंचाळायच्या. रंजिता मात्र तो खाली आला की रडकुंडीला यायची. "ही जत्रेला देवीसाठी येते का पाळण्यासाठी, तेच कळत न्हाय," असं तिचा बाप सगळ्यांना सांगायचा, आणि सांगता सांगता पुढच्या फेरीचे पैसे काढून द्यायचा.

अशा पोरीची गाठ पडली केसरीनाथशी. अंगापिंडाने आडदांड, गळ्यात बोटाएवढी जाड सोन्याची चेन, मिशा पिळदार. गावकीच्या बैठकीत हा उभा राहिला की समोरचा आधी आवाज खाली आणतो. पण उंचीचं नाव काढलं की या गड्याच्या तोंडचं पाणी पळतं. स्वतःच्या बंगल्याचा स्लॅब घातला तेव्हा सगळं गाव वर चढून बघून आलं, आणि मालक खाली अंगणात खुर्ची टाकून हाताने दाखवत बसला होता.

जमिनीवर गोडाऊन उभी राहिली, महिन्याच्या महिन्याला भाडं यायला लागलं, तेव्हा केसरीनाथने बायकोला पहिल्यांदा खोपोलीकडच्या मोठ्या पार्कात नेलं. तिने लांबूनच रोलर कोस्टरची ती लाल पट्टी पाहिली, आकाशात चढलेली आणि मग धाडकन खाली आलेली, आणि तिचे पाय आपोआप तिकडे वळले. तासभर रांगेत उभी राहिली. गेटपाशी पोचली तर तिथला मुलगा म्हणाला, "आंटी, गले का सब निकालके रखो." माळ, हार सगळं तिने काढून केसरीनाथच्या हातात दिलं. मंगळसूत्राला हात गेला आणि तिथेच थांबला. नवरा समोर धडधाकट उभा असताना ते गळ्यातून काढायचं कसं? मुलगा ऐकेना, तिला काढवेना. शेवटी ती न बसताच रांगेतून मागे फिरली आणि घरी येईपर्यंत गाडीत काचेकडे तोंड करून रडली.

घरी सासू होती. आक्का म्हणजे साधं प्रकरण नव्हे. गावातल्या भल्याभल्या बायका आक्कासमोर पदर सावरूनच बोलतात. सगळा प्रकार ऐकल्यावर आक्का आता हिची खरडपट्टी काढणार, असं केसरीनाथला वाटलं. आक्काने पानाचा डबा बाजूला सरकवला.

"सर तुटला, पोत गाठवाया दिली, तवा आपुन काय करतो गं?"

"हळकुंड बांधतो," रंजिता कसंबसं म्हणाली.

"मग? तिथं का न्हाय बांधलं? एवढा टायम रांगेत उबी राह्यलीस ती काय तोंड बघायला?"

आक्का उठली, मसाल्याच्या डब्यातून एक सरळसं हळकुंड निवडलं, पिवळ्या दोऱ्यात गुंफलं आणि लेकाच्या हातात दिलं. "तिच्या मनगटाला बांध. आन मग जाऊ दे तिला, कुठं जायचं ते."

त्या दिवशी रंजिताने सासूच्या पायावर डोकं ठेवलं. सणावाराला ठेवतात तसं नव्हे, मनापासून ठेवलं. पुढे आक्काचं आणि तिचं भांडण झालं नाही असं नाही, चुलीवरून झालं, माहेरी जाण्यावरून झालं. पण प्रत्येक भांडणात रंजिताला ते हळकुंड आठवायचं आणि तिचा आवाज आपोआप खाली यायचा.

तेव्हापासून हा रिवाजच पडला. निघताना आक्का हळकुंड द्यायची, गेटपाशी केसरीनाथ ते तिच्या मनगटाला बांधायचा, मंगळसूत्र आणि बाकीचं सोनं रुमालात गुंडाळून मुठीत धरायचा, आणि दुसऱ्या हातात तिच्या चपला घेऊन खाली खांबाजवळ उभा राहायचा. ती खाली येऊन मंगळसूत्र घालायची तेव्हा ते नेहमी ओलं लागायचं.

"केवढा घाम तुमाला! बसते मी, आन घाम तुमाला," ती हसायची.

"ऊन हाय," तो म्हणायचा. पावसाळ्यातही ऊनच असायचं.

रंजिताचा उत्साह वयाबरोबर कमी होईल म्हणून गाव वाट बघत होतं. ते काही झालं नाही. महिला मंडळाची सहल दरवर्षी अकलोलीच्या गरम कुंडांवर जायची, ती हिने एकदा हट्टाने पार्ककडे वळवली. निम्म्या बायका महिनाभर बोलल्या नाहीत, उरलेल्या निम्म्यांनी पुढच्या वेळेस कधी म्हणून विचारलं. घरात कोलंबी सोलतानासुद्धा मोबाईल मिठाच्या बरणीला टेकवलेला, आणि त्यात जपानातली नाहीतर अमेरिकेतली कुठली तरी गाडी उतारावरून सुटलेली. लेक उन्नती कपाळाला हात लावायची. "आई, लोकांच्या आया सिरीयल बघतात गं."

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी केसरीनाथला ताप आला. साधा ताप म्हणून दोन दिवस अंगावर काढला, आणि मग एकदम डेंग्यूने पाडलंच. प्लेटलेट खाली, रक्तदाब खाली. ठाण्याच्या हॉस्पिटलात काचेच्या दाराआड त्याला ठेवलं. एरवी दार भरून टाकणारा माणूस त्या पलंगावर एवढासा दिसत होता. डॉक्टर म्हणाले, आज काही सांगता येत नाही.

भर दुपारी, बाहेरच्या बाकड्यावर बसून, रंजिताने गावदेवीला हाक मारली. नारळ, साडी, कोंबडा, सगळं तिच्या तोंडाशी आलं आणि तिने ते गिळलं. भाडं यायला लागल्यापासून त्यातलं काहीच तिला जड नव्हतं. देवीला द्यायचं तर जे दिल्यावर दुखेल ते द्यावं, असं तिला वाटलं. आणि तसं तिच्यापाशी, स्वतःचं म्हणावं असं, एकच होतं.

"ह्यांना उठव, आई. मी परत त्या गाडीत बसणार न्हाय. कवाच न्हाय."

केसरीनाथ उठला. हळूहळू, भिंत धरत, पण उठला. रंजिताने देवीची ओटी भरली, आणि मोबाईलमधले ते व्हिडिओ बघणंही सोडून दिलं. दुखलं का? दुखलं की. पण सकाळी मागच्या दारी तो दात घासताना खाकरायचा, तो आवाज ऐकला की तिचे डोळे भरून यायचे आणि हा सौदा तिला स्वस्तातला वाटायचा. काळजी एकच होती. केसरीनाथला हे कळता कामा नये. कळलं तर तो जन्मभर मनाला लावून घेईल. आणि न सांगता, त्याच्या आग्रहाला बळी पडून ती बसली, तर नवस मोडेल. मग पुन्हा ते काचेचं दार. तिला पुढचा विचारही करवत नव्हता.

आणि चैत्र लागता लागता केसरीनाथने जेवताना जाहीर केलं, "डाक्टरनं सगळी मोकळीक दिलीय. रविवारी पार्कात जाऊया. आपुन दोघंच."

रंजिताने त्याच्या पानात न मागताच भात वाढला. "माझा गुडघा दुखतोय," ती म्हणाली.

"कंचा?"

तिने घाईत आधी उजवा दाखवला, मग डावा. उन्नती घास हातात धरून आईकडे बघतच राहिली.

दुपारी आक्का मागच्या पडवीत आली. रंजिता सुकट निवडत होती. आक्का शेजारी बसून तीही निवडायला लागली, आणि थोड्या वेळाने नुसतंच म्हणाली, "बोल."

रंजिताने सगळं सांगितलं. सांगताना रडलीही. आता आक्का म्हणेल, एवढं काय त्यात, देवीला नारळ दे आणि सुट, असं तिला कुठेतरी वाटत होतं. आक्का तसलं काही बोलली नाही.

"बोललीस ती बोललीस. देवीला दिल्यालं परत मागायचं न्हाय." मग सुनेच्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, "माझ्या पोरासाटी दिलंस गं. मला मरेपत्तुर इसर पडणार न्हाय." आक्काचा आवाज असा ओला झालेला रंजिताने कधी ऐकला नव्हता. "पण बसायचं न्हाय बोललीस. जायचं न्हाय असं न्हाय बोललीस. तो एवढ्या हौसेनं बोलवतोय, तर जा."

रविवारी निघताना आक्काने हळकुंड दिलं, पण या खेपेला केसरीनाथच्या हातात न देता रंजिताच्या हातात. "आज तुझ्याकडंच ठेव." म्हातारी आता विसरायला लागली, असं रंजिताला वाटलं.

पार्कात पोचल्यावर केसरीनाथ इकडेतिकडे न बघता थेट लाल गाडीकडे निघाला. रंजिता मागून पाय ओढत चालली होती. गेटजवळ आता काय सबब सांगायची याची ती मनात जुळवाजुळव करत होती. तोच केसरीनाथने आपल्या गळ्यातली चेन काढून तिच्यापुढे धरली.

"हे काय?"

"आज मी पण बसणार."

रंजिताला हसावं की रडावं कळेना. "तुमी? खुर्चीवर चढून बल्ब लावत न्हाय, आन हितं बसणार?"

केसरीनाथने घसा साफ केला. "हास्पिटलात शुद्ध आली तवा देवीला बोललो. वाचवलंस तर रंजी ज्यात बसती त्यात एकदा तरी बसून दाखवीन. जे द्यायला जीव जाईल तेच द्यायचं ना? आक्काला तेवढं ठाऊक हाय."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मागचे लोक "चलो चलो" करत असताना, रांगेतच, रंजिताने आपला नवस सांगितला. केसरीनाथ ऐकत राहिला. मग त्याने वर चढलेल्या लाल पट्टीकडे एकदा पाहिलं.

"म्हंजे आता मी एकटा?"

"ऱ्हाऊ द्या. तुमचं नारळावर भागवू. देवी समजून घेईल."

"तुझा नवस खरा, आन माझा नारळावर?" तो चिडून म्हणाला. "न्हाय. बांध ते हळकुंड."

आता कुठे रंजिताला आक्काचं विसरणं कळलं. लग्नाच्या हळदीत बांधलेल्या कंकणानंतर पहिल्यांदाच त्या जाड मनगटावर हळकुंड आलं. गेटवरचा मुलगा म्हणाला, "अंकल, चप्पल भी." केसरीनाथने चपला काढून बायकोच्या हातात दिल्या, आणि आत जाऊन सरळ शेवटच्या रांगेत बसला.

रंजिता खांबाजवळ जाऊन उभी राहिली, जिथे तो दरवेळी उभा असायचा. गाडी चढायला लागली. साखळीचा तो कडकड आवाज, ज्याने आजवर तिच्या अंगात नुसता आनंद भरायचा, तो आज तिच्या छातीवर वाजत होता. वर बसलेल्याला पुढचा उतार तरी दिसतो. खालच्याला काहीच करता येत नाही, नुसतं मान वर करून उभं राहायचं. गाडी टोकाला थांबल्यासारखी झाली आणि सुटली. रंजिताने डोळे मिटले, लगेच उघडले, देवीला हाक मारली, पुन्हा मिटले. गाडी परत आली तेव्हा तिने मूठ उघडली. चेन घामाने ओलीचिंब झाली होती.

केसरीनाथ बाहेर आला तो कठडा धरत. केस उभे, चेहरा पांढरा. कठड्यावर बसून त्याने चपला पायात सरकवल्या आणि पाण्याची बाटली अर्धी केली.

"ह्यात मजा काय हाय गं?"

रंजिताने ओली चेन त्याच्या तळहातावर ठेवली आणि तिचा बांध फुटला. "इतकी वर्सं तुमी असं उबं राह्यलात. दर टायमाला. आन मी हासत होते."

"मग? चपला कोण धरणार?" केसरीनाथ म्हणाला. त्याला यात रडण्यासारखं काही दिसत नव्हतं.

त्याने बाटलीतलं उरलेलं पाणी संपवलं. मग त्याने चेन पुन्हा तिच्या हातात दिली, पायातल्या चपला पुन्हा काढल्या.

"आता काय?"

"ती देवीची झाली. आता एक तुझ्या वाटची."

"अवो, पाय बघा कसे लटपटतायत!"

"पायाचं काय काम हाय त्यात? बसायचंच हाय." दोन पावलं जाऊन तो मागे वळला. "हात कवा वर करायचे?"

"टोकावर पोचलात की. उतार लागायच्या आदी."

गाडी पुन्हा कडकडत चढली. या खेपेला रंजिताने डोळे मिटले नाहीत. टोकावर, शेवटच्या रांगेतून, दोन जाड हात घाबरत घाबरत वर आले, आणि एका मनगटाला पिवळा दोरा होता. खाली खांबाजवळ रंजितानेही आपले दोन्ही हात वर केले, चपलांसकट.